कोलंबिया विद्यापीठातले कृष्णवर्णीय विद्यार्थी आणि अभ्यासक : दस्तऐवजीकरणाच्या नोंदी

४ जानेवारी : हद्द ठरवणं

काम असं आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९७० पर्यंत शिकलेल्या आणि शिकवलेल्या कृष्णवर्णीय माणसांची सूची करायची. ती मराठीत शोधता यायला हवी आणि प्रत्येक नावामागे पुरावा हवा. मराठी वाचक हे विद्यापीठ ओळखतो ते बाबासाहेबांमुळे. त्याच आवारात त्यांच्या आधी आणि नंतर कोण वावरलं, याचे विखुरलेले उल्लेख सोडले तर मराठीत सलग काही हाती येत नाही.

पहिली अडचण नावांच्याही आधी आली. ‘कोलंबिया’ म्हणजे नेमकं काय? १७५४ साली किंग्ज कॉलेज म्हणून सुरू झालेली संस्था आणि आजचं विद्यापीठ यांच्या मध्ये बरीच जोडाजोड झाली आहे. वैद्यकीय महाविद्यालय १८९१ मध्ये पूर्णपणे विद्यापीठात आलं. बर्नार्ड (मुलींचं कॉलेज) आणि टीचर्स कॉलेज (शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं) जोडलेली असली तरी त्यांची विश्वस्त मंडळं वेगळी, दफ्तरं वेगळी. समाजकार्य शिकवणारं न्यूयॉर्क स्कूल ऑफ फिलान्थ्रॉपी तर १९४० मध्ये कोलंबियाशी संलग्न झालं.

याचा फटका कुठे बसतो ते जॉर्ज एडमंड हेन्स यांच्या नोंदीत दिसतं. १९१० मध्ये ते फिलान्थ्रॉपी स्कूलमधून बाहेर पडले, १९१२ मध्ये कोलंबियाची पीएच.डी. मिळवली. कोलंबियाची पीएच.डी. मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. पण १९१०ची पदविका आजच्या संलग्नतेवरून कोलंबियाच्या खात्यात टाकली तर नोंद खोटी ठरते. म्हणून प्रत्येक नोंदीला दोन रकाने ठेवले : ‘संस्था’ आणि ‘त्या वर्षी कोलंबियाशी नातं’.

सुरुवात पहिल्या पदवीधरापासून करायची नाही, हेही आजच ठरलं. जेम्स मॅक्यून स्मिथ न्यूयॉर्कमध्ये गुलामगिरीत जन्मले, तिथल्या आफ्रिकन फ्री स्कूलमध्ये शिकले. त्यांना कोलंबियाने प्रवेश नाकारला. ते स्कॉटलंडला गेले आणि १८३७ मध्ये ग्लासगोचे एम.डी. होऊन परतले. ज्याला दाराबाहेर ठेवलं तोही या विद्यापीठाच्या इतिहासाचा भाग आहे. ‘स्थिती’च्या रकान्यात सात पर्याय ठेवले : प्रवेश नाकारला, नाव नोंदवलं, अर्धवट सोडलं, पदविका, पदवी, उन्हाळी वर्ग, अध्यापन.

९ जानेवारी : तक्ता आणि त्यातले खड्डे

तक्ता एक्सेलमध्ये सुरू केला. तीन गोष्टी लगेच बिघडल्या.

एक : एक्सेलला १ जानेवारी १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून कळत नाही. जेम्स डिक्सन कार यांनी १८९६ मध्ये लॉ स्कूल पूर्ण केलं. त्या नोंदीतली तारीख मजकूर म्हणून राहिली, नंतरच्या नोंदी खऱ्या तारखा झाल्या, आणि वर्षानुसार लावल्यावर क्रम विस्कटला. उपाय : सगळा रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवा आणि वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने लिहा. दिवस माहीत नसेल तर तिथे शून्य घालू नका, जागा मोकळी सोडा.

दोन : अमेरिकी कागदात महिना आधी, आपल्याकडे दिवस आधी. ४/५ म्हणजे ४ मे की ५ एप्रिल, हे नोंद घेतानाच सोडवायला हवं, नंतर कुणालाच सांगता येत नाही. मूळ कागदातली तारीख जशीच्या तशी वेगळ्या रकान्यात उतरवतो.

तीन : देवनागरी मजकूर सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर-फाइल, म्हणून जतन केला आणि पुन्हा एक्सेलमध्ये उघडला की अक्षरांचा चुराडा होतो. जतन करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय निवडा. नुसतं ‘सीएसव्ही’ घेतलं तर देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि मूळ मजकूर परत मिळत नाही.

नावांच्या बाबतीत मुख्य चावी रोमन लिपीतलं मूळ लेखनच राहील. देवनागरीत एकाच आडनावाची तीन रूपं होतात आणि दोन वेगळी आडनावं एकसारखी दिसू लागतात. स्मिथ आणि स्मायथ वेगळे राहायला हवेत.

१७ जानेवारी : वंशाचा पुरावा कुठून आणायचा

या कामातला सगळ्यात अवघड भाग हाच, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच जाणार.

विद्यापीठाच्या जुन्या वार्षिक पुस्तिकेत विद्यार्थ्याचं नाव, गाव आणि आधीची पदवी असते, वंश नसतो. कागदावर सगळे सारखे दिसतात. त्यामुळे हा इतिहास विद्यापीठाच्या दफ्तरात एकटा सापडत नाही, बाहेरच्या कागदाशी जुळवूनच तो उभा राहतो.

पहिला कागद जनगणनेचा. १९१० आणि १९२०च्या फॉर्ममध्ये वर्णाच्या रकान्यात गणनेदार आद्याक्षरं लिहीत : श्वेत, कृष्ण, ‘म्युलॅटो’ (मिश्र वंशाचा) अशी. १९२० मध्ये ‘हिंदू’ हाही पर्याय आला, आणि त्यात धर्म न बघता भारतातून आलेले सगळे धरले गेले. १९३० मध्ये ‘म्युलॅटो’ काढून टाकलं. म्हणजे एकाच माणसाची नोंद दर दहा वर्षांनी बदललेली दिसू शकते, आणि त्या बदलाचं कारण फॉर्म असतो. शिवाय गणनेदार बऱ्याचदा घरमालकिणीला विचारून लिहायचा. १८९०च्या जनगणनेवर विसंबू नका : १९२१च्या आगीत आणि नंतरच्या हेळसांडीत ती जवळपास सगळी गेली. दोन राष्ट्रीय जनगणनांमधले खड्डे भरायला न्यूयॉर्क राज्याची स्वतःची जनगणना कामी येते. ती १९०५, १९१५ आणि १९२५ मध्ये झाली.

दुसरा कागद पहिल्या महायुद्धातल्या लष्करी नोंदणीचा. जून १९१७च्या कार्डावर खाली डाव्या कोपऱ्यात छापलेलं होतं की माणूस आफ्रिकी वंशाचा असेल तर हा कोपरा फाडावा. म्हणजे इथे पुरावा लिहिलेला नाही, फाटलेला आहे. स्कॅन उतरवताना आमच्या प्रोग्रॅममधली आपोआप कडा कापण्याची सोय चालू होती. तिने पान सरळ करून कोपऱ्याची पट्टी छाटून टाकली, फाटका आणि अखंड कोपरा सारखाच दिसू लागला. ती सोय बंद करून पूर्ण कार्ड, चारही बाजूंना मोकळी जागा सोडून, पुन्हा उतरवावं लागलं. आणि कोपरा नुसता जीर्ण होऊनही तुटतो, कारकून फाडायचं विसरतोही, म्हणून हा पुरावा एकटा पुरेसा धरायचा नाही.

तिसरा आणि सगळ्यात विश्वासाचा : कृष्णवर्णीय समाजाने स्वतः छापलेला. नोव्हेंबर १९१० मध्ये सुरू झालेलं, डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी १९३४ पर्यंत संपादित केलेलं ‘द क्रायसिस’ दर उन्हाळ्यात शिक्षण विशेषांक काढायचं. त्यात त्या वर्षी कुठल्या विद्यापीठातून कोण पदवीधर झालं याच्या याद्या, आणि पुष्कळांची छायाचित्रं. ‘आमची मुलं’ म्हणून त्या समाजाने ज्यांची नावं छापली, त्यांच्याबद्दल आपण तर्क लढवायचं कारण उरत नाही.

पुराव्याच्या तीन पायऱ्या केल्या. अ : स्वतःचं किंवा समाजाच्या वृत्तपत्रातलं विधान. ब : सरकारी कागद, किमान दोन, एकमेकांना दुजोरा देणारे. क : नुसता सुगावा. ‘क’ नोंद सूचीत प्रसिद्ध करायची नाही.

छायाचित्रातला चेहरा पाहून वंश ठरवायचा नाही, हा नियम पहिल्या पानावर ठळक लिहा. जुन्या वार्षिकांकातलं हाफटोन, म्हणजे ठिपक्यांच्या, छपाईचं छायाचित्र स्कॅन केलं की सावळा चेहरा उजळ होतो, उजळ चेहरा काळवंडतो. त्याहून मोठं कारण म्हणजे काही माणसांनी जगण्यासाठी श्वेत म्हणून वावरणं पत्करलं होतं. व्हॅसर कॉलेजातल्या अनिता हेमिंग्ज यांची हकिगत प्रसिद्ध आहे : १८९७ मध्ये पदवी जवळ आली असताना खोलीतल्या सहाध्यायिनीच्या वडिलांनी गुप्तहेर लावून त्यांचा वंश शोधून काढला. आज पुरावा मागताना आपलं काम त्या गुप्तहेरासारखं होऊ नये. ज्यांनी हयातभर स्वतः सांगितलं नाही आणि ज्यांच्या कुटुंबानेही सांगितलं नाही, त्यांचं नाव आम्ही घेत नाही.

२ फेब्रुवारी : ‘क्रायसिस’चे अंक वाचताना

अंकांचे स्कॅन उपलब्ध आहेत, पण त्यांतला मजकूर यंत्राने वाचलेला आहे. पान दोन रकान्यांचं, मध्ये छायाचित्रं. हे यंत्रवाचन, म्हणजे ओसीआर, डावा रकाना अर्धा वाचून उजवीकडे उडी मारतो, त्यामुळे एका विद्यापीठाचं नाव दुसऱ्या यादीला चिकटतं. पहिल्या फेरीत कोलंबियाच्या खाली शेजारच्या रकान्यातली दुसऱ्याच कॉलेजची नावं आली होती.

शेवटी प्रत्येक रकाना वेगळा कापून ओसीआर केला. ‘टेसेरॅक्ट’ या ओसीआर प्रोग्रॅमला एकाच रकान्याचा मजकूर आहे असं सांगणारी पानमांडणी, म्हणजे पीएसएम ४, दिली की चुका बऱ्याच कमी होतात. तरी छापील पानाशी एका माणसाने वाचायचं आणि दुसऱ्याने तपासायचं, हे टळत नाही. अंकातल्या छायाचित्राखालची ओळ यादीहून जास्त भरवशाची, कारण तिथे पूर्ण नाव असतं. यादीत आद्याक्षरंच असतात.

साठवणीचा हिशोब : ए-४ आकाराचं पान ३०० डीपीआयला करड्या छटांत उतरवलं तर न दाबलेली टिफ फाइल साधारण ९ एमबी, रंगीत उतरवलं तर २६ एमबी. छापील मजकुराला करड्या छटा पुरतात. कार्डं आणि हस्तलिखित रंगीतच हवं, शाईचा रंग बदलला तर नंतरची भर ओळखता येते. दोन टीबीच्या दोन हार्ड डिस्क घेतल्या, दोन्ही मिळून १३ हजार रुपयांच्या आसपास. एक पुण्यात, एक न्यू जर्सीत. दोन्ही प्रती एकाच घरात ठेवण्यात अर्थ नाही.

१४ फेब्रुवारी : ‘पहिला’ हा शब्द

‘पहिला कृष्णवर्णीय पदवीधर’ असं लिहायचा मोह फार होतो, आणि वाचकालाही तेच हवं असतं. पण ज्या दफ्तरात वंश लिहिलाच नाही, तिथे ‘पहिला’ याचा अर्थ ‘आजवर ज्यांचा पुरावा मिळाला त्यांतला पहिला’ एवढाच. तक्त्यात ‘पहिला’ हा वेगळा रकाना ठेवला, त्यात दावा कुणी केला ते लिहायचं, आणि दावा कुठल्या विभागापुरता आहे तेही.

आजवरच्या नोंदी : लॉ स्कूलमध्ये जेम्स डिक्सन कार, १८९६ (त्याआधी १८९२ मध्ये ते रटगर्स विद्यापीठाचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर). वैद्यकीय महाविद्यालयात ट्रॅव्हिस जॉन्सन, १९०८. बर्नार्डमध्ये १९२५ ला आलेल्या आणि १९२८ ला पदवी घेतलेल्या लेखिका झोरा नील हर्स्टन. रसायनशास्त्रात मरी मेनार्ड डेली, १९४७. डेलींच्या बाबतीत दावा सबंध अमेरिकेचा आहे : रसायनशास्त्रात पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या देशातल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. विभागाचा दावा आणि देशाचा दावा एका ओळीत मिसळला की दोन्ही संशयास्पद होतात.

पिक्सली का इसाका सेमे यांनी वर्गवारीचा वेगळा प्रश्न उभा केला. ते दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ या भागातले झुलू. १९०६ मध्ये बी.ए. झाले, त्याच वर्षी ५ एप्रिलला आफ्रिकेच्या पुनरुत्थानावरच्या भाषणाला त्यांना विद्यापीठाचं कर्टिस पदक मिळालं. पुढे १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत जी संस्था उभी राहिली आणि नंतर आफ्रिकन नॅशनल काँग्रेस झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. त्यांना ‘आफ्रिकन-अमेरिकन’ म्हणता येत नाही. ‘जन्मदेश’ रकाना जोडल्यावर प्रश्न सुटला, आणि कॅरिबियन बेटांवरून आलेले विद्यार्थीही नीट दिसू लागले.

डॉक्टरेटसाठी हॅरी ग्रीन यांची १९४६ मध्ये छापलेली, १८७६ ते १९४३ या काळातल्या कृष्णवर्णीय डॉक्टरेटधारकांची यादी हा चांगला पाया आहे. मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क (१९४०) तिच्या काळात येतात, १९४७च्या डेली येत नाहीत. त्यांच्या पत्नी मेमी फिप्स क्लार्क यांचं १९४३ हे वर्ष नेमकं सीमेवर. अशा यादीच्या शेवटच्या वर्षाच्या नोंदी नेहमी दुसरीकडे पडताळा.

मेमी क्लार्क यांच्या नोंदीत एक गोष्ट मुद्दाम घातली आहे. त्यांचे मार्गदर्शक हेन्री गॅरेट पुढे व्हर्जिनियातल्या शाळा-विलगीकरणाच्या, म्हणजे श्वेत आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवण्याच्या, खटल्यात विलगीकरणाच्या बाजूने साक्षीला उभे राहिले. क्लार्क दांपत्याच्या बाहुल्यांवरच्या प्रयोगांचा आधार शाळांतलं हे विलगीकरण घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४च्या ‘ब्राउन’ खटल्यात घेतला गेला. नुसतं ‘पीएच.डी., मानसशास्त्र’ लिहून ती पदवी कुठल्या हवेत मिळवली ते कळत नाही. हीच गोष्ट इतिहास विभागाची. तिथे १९२२ पर्यंत विल्यम डनिंग होते, आणि त्यांच्या शिष्यांनी अमेरिकी यादवी युद्धानंतरच्या दक्षिणेतल्या राज्यांचा जो इतिहास लिहिला त्यात कृष्णवर्णीय नागरिक राज्य करायला नालायक ठरवले गेले.

१ मार्च : उन्हाळी वर्ग, म्हणजे मुख्य खजिना

पदवीधरांच्या याद्या संपल्या आणि संख्या फारच लहान निघाली. कारण उघड आहे : बहुसंख्य माणसं पदवीधरांच्या यादीत नाहीतच. ती टीचर्स कॉलेजच्या उन्हाळी वर्गांत आहेत.

दक्षिणेतल्या राज्यांत पदव्युत्तर शिक्षणाची दारं कृष्णवर्णीय शिक्षकांना बंद होती. आपल्या विद्यापीठात घ्यायला लागू नये म्हणून काही राज्यं त्यांना परराज्यात शिकायला पैसे देत. मिझुरीचा तसा कायदा १९२१चा, वेस्ट व्हर्जिनियाचा १९२७चा. डिसेंबर १९३८ मध्ये गेन्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाट घटनेला धरून नाही असं ठरवलं, तरी ती पुढेही चालत राहिली. या शिक्षकांची शाळा उन्हाळ्यात बंद, म्हणून ते उन्हाळ्यात न्यूयॉर्कला येत आणि एम.ए. चार-पाच उन्हाळ्यांत पुरी करत.

त्यामुळे एकच बाई पाच वर्षांच्या पाच याद्यांत, कधी दोन वेगळ्या गावांच्या पत्त्यांसह, आणि मध्ये लग्न झालं तर दोन आडनावांनी येते. ‘ओपनरिफाइन’ या तक्ते साफ करायच्या प्रोग्रॅममधल्या क्लस्टरिंगने, म्हणजे सारखी नावं गटात आणणाऱ्या सोयीने, लेखनातले फरक जुळतात, आडनाव बदललेलं जुळत नाही. पहिलं नाव, मधलं आद्याक्षर आणि शाळेचं गाव या तिन्हींवर हाताने जुळवावं लागतं. तीनपैकी दोनच जुळले तर नोंदी एकत्र करू नका, ‘कदाचित तीच’ अशी खूण करून वेगळ्या ठेवा. एकदा एकत्र केलेल्या नोंदी पुन्हा सोडवणं जुळवण्यापेक्षा कितीतरी अवघड.

सुगावे दोन. नावापुढे आधीची पदवी फिस्क, हॉवर्ड, अटलांटा अशा कृष्णवर्णीयांसाठीच्या विद्यापीठांची असेल, किंवा पत्ता तस्कीगी, हॅम्प्टन अशा कृष्णवर्णीय कॉलेजांच्या गावचा असेल, तर शोध पुढे न्यायचा. पण हे ‘क’ पायरीचेच : हॉवर्डच्या वैद्यकीय शाखेतून श्वेत विद्यार्थीही शिकले आहेत, आणि तस्कीगी गावात श्वेत कुटुंबंही राहात.

उलट्या बाजूने गेल्यावर काम सरकलं. कृष्णवर्णीय कॉलेजांच्या जुन्या पुस्तिकांत अध्यापकांची यादी पदव्यांसकट असते. फिस्क, हॉवर्ड, तस्कीगी, हॅम्प्टन यांच्या पुस्तिका घेऊन ‘एम.ए., कोलंबिया’ शोधलं की नावं भराभर निघतात, आणि मग ती कोलंबियाच्या याद्यांत सापडवायची. तिथेही सावधपणा हवा, या कॉलेजांत श्वेत अध्यापक होते. दुसरा उपयोगी दुवा म्हणजे कृष्णवर्णीयांच्या शिक्षणाला मदत करणाऱ्या रोझनवाल्ड निधीच्या शिष्यवृत्तींच्या याद्या, १९२८ ते १९४८. त्यात शिष्यवृत्तीधारक कुठल्या विद्यापीठात जाणार तेही असतं. मेमी क्लार्क यांनाही हीच शिष्यवृत्ती होती. हाच रस्ता जानेवारीत धरता आला असता, तर पुस्तिकांतली हजारो नावं एकेक चाळण्याचे आठवडे वाचले असते. जे हे काम नव्याने घेतील त्यांनी बाहेरून आत यावं.

२० मार्च : सोडून गेलेले

पदवी हा निकष ठेवला की कवी लँग्स्टन ह्यूज गळतात. ते १९२१ मध्ये आले, वर्षभराने सोडून गेले. विद्यार्थी-दैनिक ‘स्पेक्टेटर’चे १८७७ पासूनचे अंक शोधता येतात, पण तिथे ह्यूज यांनी टोपणनावाने लिहिलं, त्यामुळे पूर्ण नावाने शोधून ते मिळत नाही. गायक-अभिनेते पॉल रोबसन मात्र लॉ स्कूलच्या १९२३च्या तुकडीत रीतसर आहेत. ‘सोडण्याचं कारण’ हा रकाना त्या माणसाने स्वतः सांगितलं असेल तरच भरायचा.

८ एप्रिल : जागांचा तक्ता

माणसांच्या तक्त्याला इमारतींचा तक्ता जोडला. प्रत्येक पत्त्याला ‘पासून-पर्यंत’ तारखा, आणि इमारतीची जुनी-नवी नावं. लिव्हिंग्स्टन हॉलचं आजचं नाव वॉलॅक हॉल, हे माहीत नसेल तर त्या एका वसतिगृहाच्या दोन इमारती होतात.

या तक्त्यातून जे दिसलं ते नावांच्या यादीतून कधीच दिसलं नसतं. हार्टली हॉल हे एकच वसतिगृह घ्या. जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोचलेले बाबासाहेब आधी थोडे दिवस तिथे राहिले, मग कॉस्मोपॉलिटन क्लबात आणि पुढे मित्र नवल भथेनांबरोबर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये. १९२१ मध्ये ह्यूज यांनी मेक्सिकोहून पत्राने हार्टलीतली खोली राखून ठेवली होती, ते समोर उभे राहिल्यावर कार्यालयात गोंधळ उडाला. आणि १९७० मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी झगडून मिळवलेली माल्कम एक्स यांच्या नावाची बैठक-खोली याच इमारतीत आहे.

शेजारच्या फर्नाल्ड हॉलची नोंद एप्रिल १९२४ची. फ्रेडरिक वेल्स हा कृष्णवर्णीय कायद्याचा विद्यार्थी तिथे राहायला आला. त्याला काढा म्हणून काही श्वेत विद्यार्थ्यांनी मागणी केली आणि समोरच्या मैदानात रात्री क्रॉस जाळला (कृष्णवर्णीयांना धमकावण्याची ही खूण). डीन हर्बर्ट हॉक्स यांनी वेल्सला काढायला नकार दिला. अशा घटनेसाठी एकाच वृत्तपत्रावर थांबू नका. ‘स्पेक्टेटर’, शहरातली मोठी दैनिकं आणि ‘न्यूयॉर्क एज’, ‘ॲम्स्टरडॅम न्यूज’ ही हार्लेमकडची, म्हणजे विद्यापीठाशेजारच्या कृष्णवर्णीय वस्तीतली, वृत्तपत्रं शेजारी ठेवून वाचा. शोधशब्द त्या काळचेच द्यावे लागतात. ‘ब्लॅक’ घालून १९२४च्या अंकात काही मिळत नाही, ‘निग्रो’ आणि ‘कलर्ड’ घालावं लागतं. मूळ शब्द उताऱ्यात तसाच ठेवतो, आमच्या वाक्यात वापरत नाही.

११ मे : १९६८

इथे कागद कमी पडत नाहीत, उलट पूर येतो. २३ एप्रिल १९६८ ला आंदोलन सुरू झालं. मॉर्निंगसाइड पार्क ही हार्लेमच्या कडेची सार्वजनिक बाग, तिथे विद्यापीठ जी व्यायामशाळा बांधू लागलं होतं तिला हार्लेमच्या लोकांसाठी वेगळं, खालच्या बाजूचं दार होतं. तो या आंदोलनातला एक मुख्य मुद्दा. स्टुडंट्स आफ्रो-अमेरिकन सोसायटीच्या विद्यार्थ्यांनी पहिल्याच रात्री श्वेत विद्यार्थ्यांना हॅमिल्टन हॉल सोडायला सांगितलं आणि ती इमारत स्वतः सांभाळली. ३० एप्रिलच्या पहाटे पोलीस आले. विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतलेल्या पाचही इमारती मिळून सातशेच्या आसपास अटका झाल्या, त्यांतल्या ८६ हॅमिल्टनमधल्या, आणि तिथे मारहाण झाली नाही.

धोका ८६ या आकड्याचाच आहे. तो अटकेचा आकडा आहे, कोलंबियाच्या विद्यार्थ्यांचा नाही. बर्नार्डच्या विद्यार्थिनी त्यात होत्या, आणि मधल्या दिवसांत हार्लेममधून आलेले कितीतरी जण अटकेच्या आधीच निघून गेले होते. अटकेच्या यादीवरून विद्यार्थ्यांची नोंद तयार करायची नाही. यांतली बरीच माणसं आज हयात आहेत, सत्तरीच्या पुढे आहेत. ज्यांनी सार्वजनिक ठिकाणी स्वतः सांगितलं त्यांचीच नावं सूचीत जातील.

बहुतेक छायाचित्रं बाकीच्या चार इमारतींची. हॅमिल्टनच्या आतलं जे कळतं ते मुख्यतः आठवणींतून. म्हणून मौखिक इतिहास लागतो. कोलंबियाचं मौखिक इतिहास केंद्र १९४८ पासून आहे. तिथल्या जुन्या मुलाखती आधी पूर्ण वाचा, मगच कुणाला फोन करा. तेच प्रश्न पन्नास वर्षं ऐकलेल्या माणसाला पुन्हा तेच विचारणं म्हणजे त्याचा अपमान.

आमची पद्धत : संमतीपत्र मुलाखतीच्या आधी पाठवायचं, त्यात ‘नाव देऊ नये’ हा पर्याय ठळक. ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही, दोन यंत्रांवर. व्हिडिओ कॉलवर घेतलं तर प्रत्येकाचा आवाज वेगळ्या फाइलमध्ये येईल अशी सोय आधी चालू करा, एकत्र फाइलमध्ये दोघं एकदम बोलले की शब्द गिळले जातात. वेळ ठरवताना न्यूयॉर्कची घड्याळं मार्चमध्ये पुढे आणि नोव्हेंबरमध्ये मागे जातात हे ध्यानात ठेवा : आपल्यातलं अंतर साडेनऊ तासांचं होतं आणि पुन्हा साडेदहाचं. लिखित प्रत त्या व्यक्तीकडे तपासायला जाते, ती परत आल्याशिवाय मराठी भाषांतर सुरू करायचं नाही. परत यायला महिने लागतात, वेळापत्रकात तेवढी जागा सोडा.

अध्यापकांची बाजू याच टप्प्यात घेतली. एलियट स्किनर त्रिनिदादचे, १९५५ मध्ये कोलंबियाचे पीएच.डी., पुढे तिथेच मानववंशशास्त्राचे प्राध्यापक. १९६६ ते १९६९ ते अप्पर व्होल्टात (आजचा बुर्किना फासो) अमेरिकेचे राजदूत होते. वर्षावर्षाच्या याद्या मोजून कारकीर्द ठरवली तर मधली वर्षं चुकीची बसतात. चार्ल्स हॅमिल्टन १९६९ मध्ये राज्यशास्त्रात आले. मॅनिंग मॅरेबल यांनी १९९३ मध्ये आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासाची संस्था उभी केली. ती आमच्या हद्दीबाहेर आहे, पण १९६८च्या मागण्यांचा धागा तिथवर जातो म्हणून एक ओळ ठेवली.

१५ जून : बाबासाहेब कुठे बसतात

मराठी सूची, म्हणून सगळी मांडणी त्यांच्याभोवती फिरवावी असा आग्रह होता. तो मानला नाही. हा इतिहास कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा आहे, त्यांनी दुसऱ्या कुणाच्या चरित्रातली पार्श्वभूमी म्हणून यायचं नाही. बाबासाहेबांची नोंद ‘दुवे’ या वेगळ्या तक्त्यात आहे, आणि तिथे फक्त कागदाने सिद्ध होणारे दुवे.

पहिला : एडविन सेलिग्मन. बाबासाहेबांचे हे गुरू, आणि हेन्स यांनी १९१० मध्ये सहसंस्थापक म्हणून उभ्या केलेल्या, शहरांतल्या कृष्णवर्णीयांसाठी काम करणाऱ्या आणि पुढे नॅशनल अर्बन लीग म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेचं अध्यक्षपद सुरुवातीच्या वर्षांत याच सेलिग्मन यांच्याकडे होतं. दुसरा : ९ मे १९१६ ला बाबासाहेबांनी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला तो अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात. गोल्डनवायझर फ्रान्झ बोआस यांचे शिष्य, आणि दहा वर्षांनी हर्स्टन शिकल्या त्या बोआस यांच्याकडेच. यावरून बाबासाहेब हेन्स यांना भेटले किंवा हार्लेममध्ये फिरले असं लिहायचं नाही. हेन्स तर तोवर नॅशव्हिलला फिस्क विद्यापीठात शिकवत होते.

तिसरा दुवा सगळ्यात भक्कम, पण कोलंबियानंतरच्या काळातला. १९४६ च्या जुलैत बाबासाहेबांनी डू बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्यांची आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची स्थिती किती सारखी आहे ते मांडलं, आणि नॅशनल निग्रो काँग्रेस या कृष्णवर्णीयांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. ३१ जुलैला डू बॉइस यांनी उत्तर दिलं. दोन्ही पत्रं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या संग्रहात आहेत. बाबासाहेबांच्या पत्रावर तारीख नाही. ‘१९४६ जुलै, अंदाजे’ असं लिहावं, नेमका दिवस कुठे छापलेला दिसला तर तो उतरवू नये.

३ जुलै : प्रसिद्धीआधी

अमेरिकेत १९७८ च्या आधी छापलेल्या मजकुराचा हक्क प्रसिद्धीपासून जास्तीत जास्त ९५ वर्षं टिकतो, म्हणून ‘क्रायसिस’चे १९२०च्या दशकातले अंक मोकळे आहेत, १९४०च्या दशकातले अजून हक्काखाली असू शकतात. या नंतरच्या अंकांतली छायाचित्रं घेतली नाहीत, अंक आणि पान सांगितलं. संग्रहालयात स्वतःच्या कॅमेऱ्याने टिपलेलं पान अभ्यासाला चालतं, प्रसिद्ध करायला वेगळी परवानगी आणि वेगळं शुल्क लागतं. हा खर्च आधी धरला नव्हता, आणि तो परवडत नाही म्हणून पहिल्या आवृत्तीत छायाचित्रं कमी आहेत. १९७४च्या फेडरल कायद्याने विद्यार्थ्यांची शैक्षणिक दफ्तरं त्यांच्या संमतीशिवाय उघडता येत नाहीत, तेव्हा हयात माणसाचे गुण किंवा शिस्तभंगाचे कागद मागण्यात वेळ घालवू नका.

प्रत्येक नोंदीखाली पुराव्याची पायरी आणि शेवटची तपासणी कधी झाली ते छापलं आहे. कुटुंबीयांनी नोंद बदला किंवा काढा म्हटलं तर आधी ती झाकायची, चर्चा नंतर. पुढचं काम टीचर्स कॉलेजच्या १९३०च्या दशकातल्या उन्हाळी याद्या, आद्याक्षर ‘एच’पासून. ‘ए’ ते ‘जी’ तपासून झाले आहेत, त्यातल्या ‘कदाचित तीच’ खुणा अजून सुटलेल्या नाहीत.